बारा फ्लॉप्यांची पूजा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत संगणकयुग मी आणलं. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. ते युग एका तपकिरी रेक्झिनच्या पिशवीत होतं, पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मी लाल एसटीत खिडकीशी बसलो होतो. कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय हाय?"

"संगणकाच्या फ्लॉप्या."

"लगेजचं तिकीट लागंल का?"

"मला माहीत नाही."

त्यानं पिशवी हातात घेऊन तोलली आणि परत दिली. "ऱ्हाऊ द्या. वजनच न्हाई."

पुढची सात-आठ वर्षं मी तेच करत होतो. पिशवीत फ्लॉप्यांबरोबर एक टॉवेल, एक स्वेटर आणि वाचायला एखादं जाडजूड पुस्तक असे. स्वेटर कशाला ते पुढे येईल. जाडजूड पुस्तक अशासाठी की लॉजवर संध्याकाळ फार लांब असते.

खरं तर युग माझ्याआधीच येऊन पोचलेलं असायचं. मोठी यंत्रं ट्रकनं येत, नारळ फुटत, फोटो निघत. मी मागाहून जायचो ते त्या यंत्राला जादा शब्द शिकवायला. हे काम काय होतं ते आजच्या वाचकाला सांगायला हवं, कारण आता ते कुणी अशा रीतीनं करत नाही.

तेव्हा यंत्राच्या पडद्यावर चित्रं नसत. काळा पडदा, त्यावर डॉलरचं एक चिन्ह आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. तिथं हुकूम टाईप करायचा. तो हुकूम वाचून यंत्राकडून काम करून घेणारा जो मधला गडी, त्याला शेल म्हणायचे. कचेरीच्या दारातला शिपाई जसा, तसा. साहेबाला काय सांगायचं ते त्याला सांगा. पण त्याला ठरावीकच शब्द कळत. 'फाइल दाखव' कळे, 'फाइल पूस' कळे, 'नावं क्रमानं लाव' हेही कळे, पण इंग्रजी क्रमानं. मराठी नावांचा क्रम त्याला येत नसे. दोन तारखांमध्ये किती दिवस गेले, हे तर मुळीच सांगता येत नसे. असे नवे शब्द त्याला शिकवणारे छोटे छोटे प्रोग्राम आमची पुण्याची कंपनी तयार करी. त्यांना आम्ही मॉड्यूल म्हणायचो.

ते बसवायची रीत सोपी होती. पहिली फ्लॉपी घालायची, हुकूम द्यायचा, यंत्र थोडा वेळ खरखर करून दुसरी मागे. सहा फ्लॉप्या झाल्या की शेल ज्या फाइलपासून दिवसाची सुरुवात करतो तिच्यात एक ओळ घालायची: नवे शब्द अमुक ठिकाणी ठेवलेत, तिथं बघ. ही ओळ राहिली तर सगळं फुकट. शब्द यंत्रात असतात, पण विचारलं की शेल सांगतो, 'सापडत नाही'. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी या एका ओळीच्या असत. साताऱ्याहून जतपर्यंत दोन एसट्या बदलून जायचं, एक ओळ लिहायची आणि परत यायचं.

शेलची दुसरी एक खोड होती. हुकूम चुकला तर तो बोलायचा. काम नीट झालं तर एक अक्षर बोलायचा नाही. नुसतं पुन्हा डॉलरचं चिन्ह. साताऱ्यात माजी सैनिकांच्या एका संस्थेत सभासदांच्या नोंदी यंत्रावर घेतल्या होत्या. तिथले सचिव निवृत्त सुभेदार. त्यांनी माझ्यासमोर पहिला हुकूम टाईप केला, बटण दाबलं आणि छाती काढून वाट बघत बसले. डॉलर आला.

"जबाब?" सुभेदार म्हणाले.

"काम झालं, साहेब. झालं की तो बोलत नाही."

"हे कुठलं डिसिप्लिन? हुकूम दिला तर रिपोर्ट नको? आमच्या पलटणीत असा जवान असता तर त्याला बाराच्या उन्हात ग्राउंडाला चकरा मारायला लावल्या असत्या."

मी त्यांच्यासाठी चार ओळींचा एक तुकडा लिहिला. त्यानंतर प्रत्येक कामाशेवटी पडद्यावर 'हुकूम तामील' असं उमटायचं. वर्षभरानं मी गेलो तेव्हा यंत्र कुठल्या तरी बिघाडानं काहीच काम करत नव्हतं, पण 'हुकूम तामील' व्यवस्थित येत होतं. सुभेदार समाधानी होते.

सांगलीत हळदीच्या पेठेत अण्णासाहेब नावाचे एक जैन व्यापारी होते. कोठारात कुठल्या गावची किती पोती हे ते यंत्रावर ठेवत. एखादं अडकलेलं काम बंद करायला जो हुकूम आहे त्याचा इंग्रजीतला अर्थ 'मारून टाक'. माझ्या तोंडून तो ऐकल्यावर अण्णासाहेबांनी चष्मा काढला.

"हा शब्द आमच्या पेढीवर रोज लिहायचा?"

"अडकलं तरच. कुणी मरत नाही त्यात."

"मरत नाही हे मला कळतंय. पण म्हणायचं तर आहेच ना?"

मी त्यांना 'विराम' नावाचा शब्द करून दिला. आतून तो तेच करायचा. अण्णासाहेबांनी मला जेवायला थांबवलं, पण सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपायचं म्हणून पाच वाजता वाढलं. मग लॉजवरची संध्याकाळ आणखीच लांब झाली.

माझी साताऱ्यात एक भाड्याची खोली होती. महिन्यातले वीस दिवस तिला कुलूप असे. दिवसभर ज्याच्याशी बोलायचो तो शेल काम झालं की गप्प बसायचा, आणि संध्याकाळी ज्या खोलीत जायचो तीही. ही तक्रार नाही. सवय झाली होती. खाणावळीत कधी समोरच्या ताटावर कुणी येऊन बसलं तर मला आधी दचकायला व्हायचं, एवढंच.

सांगायची गोष्ट आहे ती सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची. नाव मुद्दाम देत नाही. इस्लामपूरला लॉजवर उतरायचं आणि तिथून तासभर एसटीनं जायचं, इतकंच सांगतो. वर्णनावरून कुणाला आपलाच कारखाना वाटला तर सगळे कारखाने सारखेच असतात एवढाच त्याचा अर्थ.

तिथं यंत्राला एकच महत्त्वाचं काम होतं. कुणी कुठल्या तारखेला ऊस लावला याची नोंद घ्यायची आणि हंगाम सुरू झाला की लागणीच्या तारखेप्रमाणं कुणाच्या शेतात तोडणीची टोळी आधी जाणार, याची यादी काढायची. तोवर ही यादी शेतकी खातं हातानं करी. हातानं केलेल्या यादीत संचालकांच्या भावकीचा ऊस नेहमी जरा आधी लावलेला निघे. यंत्रावर सगळ्यांचा भरवसा होता, कारण ते अजून चालू झालेलं नव्हतं.

यंत्र काचेच्या खोलीत होतं. आत थंड हवेचं मशीन, म्हणून स्वेटर. चपला बाहेर काढायच्या, म्हणून कुणी आत येत नसे. शेतकरी, ड्रायव्हर, शिपाई काचेला नाक लावून बघत आणि जात. आत आम्ही दोघंच: मी आणि यंत्र चालवायला नेमलेल्या विमलबाई.

विमलबाई माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या पुढच्या एका वाडीच्या. त्या बाजूचे बरेच पुरुष मुंबईला कामाला असतात आणि सणाला येतात. विमलबाईंचा नवरा यायचा थांबला होता. तिकडं त्याचं दुसरं बिऱ्हाड झाल्याचं वाडीत सगळ्यांना कळल्यावर त्यांना कळलं. मग त्या इकडं मामाकडं आल्या, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि कारखान्यात रोजंदारीवर लागल्या. मामाच्या गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथं त्या राहत. यंत्रावर पहिली यादी निघाली की त्यांना कायम करायचं, असं कारखान्याच्या एमडी साहेबांनी सांगितलं होतं. कायम झालं की कॉलनीत एक खोली मिळणार होती. खोली त्यांनी बघूनही ठेवली होती.

"लहानच हाय," त्या म्हणाल्या. "पर दाराला आतनं कडी हाय."

त्या शिकायला हुशार होत्या आणि प्रश्न अवघड विचारत.

"साहेब, ह्याला कळत्यात ते शब्द कुणी ठरवलं?"

"अमेरिकेत. काही शास्त्रज्ञांनी."

"आन् त्यांच्यात ऊस न्हाई व्हय?"

"असेल की. का?"

"मग त्यांची तोडणी कशी लागत आसंल?"

चार दिवस झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सकाळी काचेच्या खोलीत जाताना घाई करतो आहे. दुपारी त्या त्यांच्या डब्यातली बाजरीची अर्धी भाकरी आणि खर्डा माझ्यासमोर ठेवत आणि मी डबा आणला नाही याबद्दल काही विचारत नसत. बोलणं यंत्राचंच असे. पण ते बोलणं होतं.

पाचव्या दिवशी मॉड्यूल बसवायचं, तर एमडी साहेबांनी बोलावून घेतलं.

"पितृपंधरवडा चालू आहे," ते म्हणाले. "नवीन काही बसवायचं नाही. चेअरमन साहेबांचा निरोप आहे."

"पण मशीन बसवलंय."

"मशीन श्रावणात आलं. हे मॉड्यूल नवीन आहे ना?"

"मशीनच्या आतच जाणार आहे."

"तरी नवीनच की. दसरा झाल्यावर या. मोळीपूजनाला राज्यमंत्री येणार आहेत, त्याच दिवशी यंत्राचंही उद्घाटन करू."

मोळीपूजन म्हणजे हंगामाची सुरुवात. उसाची पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळायला जातो त्या पट्ट्यावर, टाकतात. पितरं आणि मॉड्यूल यांच्या संबंधाबद्दल मला काही वाचलेलं आठवेना, म्हणून मी वाद घातला नाही. फ्लॉप्या विमलबाईंच्या कपाटात ठेवून निघालो.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. प्रत्येक मॉड्यूलचे दोन संच असत, मूळ आणि नक्कल, सहा-सहा फ्लॉप्यांचे. एक संच कायम इंजिनिअरच्या पिशवीत राहिला पाहिजे, असा कंपनीचा कडक नियम होता. मी दोन्ही संच तिथं ठेवले. पुढं जतला जायचं आहे, एसटीत धूळ फार, गाडीचं टप गळतं, अशी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण असं की नक्कल माझ्याजवळ असती तर पुण्याहून दुसऱ्याच कुणाला तरी ती देऊन पाठवता आलं असतं. दोन्ही संच तिथं असले तर माझ्या सहीचे म्हणून ते परत आणायला मलाच जावं लागणार होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचलो. विमलबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. टेबलावर आपट्याची पानं होती, झेंडूचा हार यंत्राला होता, तो मी हवा जायच्या फटींवरून बाजूला केला. त्यांनी कपाट उघडून दोन्ही संच माझ्यापुढे ठेवले. पडद्याकडं बघतच मी पहिली फ्लॉपी घातली आणि हुकूम दिला. आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज झाला. पडद्यावर आलं: वाचता येत नाही.

फ्लॉपी बाहेर काढली तर माझा अंगठा लाल झाला होता.

त्या काळातली फ्लॉपी म्हणजे काळ्या पुठ्ठ्यासारखं एक चौकोनी पाकीट. आत पातळ तपकिरी चकती. यंत्राला ती वाचता यावी म्हणून पाकिटाला एक लांबट खिडकी असे आणि तेवढ्या जागेत चकती उघडी दिसे. तिथं बोट लावू नये, असं त्यावर बोटाचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली असे. त्या उघड्या जागेवर, अगदी मधोमध, गंध होतं, गंधावर कुंकू, कुंकवावर तांदळाचा एक दाणा.

मी दुसरी बघितली. मग तिसरी. मग नकलेचा संच.

"बाई, हे काय?"

"खंडेनवमीची पूजा, साहेब. का वो?"

"फ्लॉप्यांची?"

"आवं, कारखान्यात सगळ्यांच्या हत्यारांची आसती. वर्कशॉपनं पाने मांडलं, काट्यावाल्यांनी वजनं मांडली, लॅबवाल्यांनी काचंच्या नळ्या. फिटरलोक माझ्याकडं बघून हसाया लागलं. एकजण म्हणतोय, 'बाईंचा टाइपरायटर ग्येला, आता बाई बिनहत्याराच्या!' दुसरा म्हणतोय, 'त्यांना लाटणं आणून द्या रं.' मग म्या ह्या न्हिऊन मांडल्या. म्हटलं, हे आमच्या खात्याचं हत्यार. गप्प बसली सगळी."

"मग वरच्या कागदी पाकिटाला लावायचं की."

"पाकिटाला?" त्यांना हसू आलं. "तलवारीला गंध लावत्यात का म्यानाला, साहेब?"

"आणि बाराच्या बारा?"

"सहा पूजायच्या आन् सहा तशाच ठिवायच्या? बरं दिसतं का ते?"

फुली मारलेल्या बोटाचं चित्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं. "ते बोट उष्टं नगं म्हणून आसंल, आसं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "म्या आंघोळ करून लावलंय."

मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी पदराच्या टोकानं एका फ्लॉपीचा काठ पुसला, जिथं काहीच नव्हतं तिथं.

"बिघाडल्या का?"

"हो."

"सगळ्या?"

"हो."

"साहेब, माझं नाव येईल का ह्यात?"

"मी बघतो काय लिहायचं ते," मी म्हणालो.

लॅबमधून स्पिरिट आणि कापूस आणून मी दिवसभर फ्लॉप्या पुसल्या. कुंकू निघालं, त्याबरोबर चकतीवरचा तपकिरी थरही निघाला. यंत्राचा फ्लॉपी वाचायचा भाग गंधानं चिकटून गेला होता, तो उघडून साफ केला. पुण्याला फोन लावला. दोन्ही संच खराब झाल्याचं ऐकून तिकडच्या साहेबांनी नवा संच पोचायला आठवडा लागेल असं सांगितलं. उद्घाटन दोन दिवसांवर होतं.

यादी तर हवी होती. विमलबाईंनीच तोड काढली. शेतकी खात्याची वही मागवली, लागणीच्या तारखा बघून पहिली साठ नावं कागदावर क्रमानं लावली आणि टाईप केली. एकही चूक नव्हती. मी एक छोटा हुकूम लिहिला: बटण दाबलं की ती फाइल पडद्यावर दिसावी. तेवढं शेलला मॉड्यूलशिवाय येत होतं. नुसती फाइल झटकन दिसली तर यंत्रानं काही केल्यासारखं वाटणार नाही, म्हणून त्यात आठ सेकंद थांबण्याची एक ओळ घातली.

उद्घाटनाच्या दिवशी काचेच्या खोलीत पहिल्यांदाच गर्दी झाली. चपलांच्या नियमाला मंत्रिमहोदय अपवाद होते, त्यामुळे चेअरमनही झाले, त्यामुळे सगळेच झाले. पडद्यावरचं चिन्ह बघून चेअरमन साहेबांनी माझ्या कानाशी विचारलं, "हे डॉलर कशाला? आपल्यात रुपये चालत्यात." मी तिथल्या तिथं बदलून कारखान्याचं नाव टाकलं. मंत्र्यांनी बटण दाबलं. आठ सेकंद कुणी श्वास घेतला नाही. मग साठ नावं खालून वर सरकत गेली आणि टाळ्या झाल्या.

"ही यादी यंत्रानं स्वतः काढली?" मंत्र्यांनी विचारलं.

"पूर्णपणे," एमडी साहेब म्हणाले.

ती जिनं काढली होती ती मागं आरतीचं ताट घेऊन उभी होती. मंत्र्यांनी भाषणात सांगितलं की आज ऊस आणि विज्ञान यांचं लग्न लागलं. जेवण मात्र खरंच लग्नासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मला माझा रिपोर्ट लिहायचा होता. छापील फॉर्म होता, त्यात 'बिघाडाचं कारण' असा एक रकाना. 'वाहतुकीत खराब' असं लिहिता आलं असतं. मग पुण्यात विचारलं असतं, एक संच वाहतुकीत गेला तर दुसरा कुठं होता? दुसरा माझ्या पिशवीत का नव्हता? माझी बढती त्या वर्षी विचारात होती. मी तासभर पेन हातात धरून बसलो. मग लिहिलं: ग्राहकाच्या ताब्यात असताना संगणकचालक श्रीमती विमल यांनी दोन्ही संचांवर गंध व कुंकू लावल्यामुळे फ्लॉप्या निकामी. दोन्ही संच ग्राहकाच्या ताब्यात का होते, ते लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता. त्या रिपोर्टात एकही वाक्य खोटं नाही. मी पुष्कळ वेळा तपासून पाहिलं आहे.

एक प्रत पुण्याला पाठवली. दुसरी लिफाफ्यात घालून, गोंद लावून, एमडी साहेबांच्या शिपायाकडं दिली. विमलबाई फाटकापर्यंत पोचवायला आल्या. "परत कवा?" असं त्यांनी विचारलं. नवा संच आला की, असं मी सांगितलं.

नवा संच आला तेव्हा कंपनीनं मला कऱ्हाडकडं दुसऱ्या कामाला लावलं होतं. तिथं दुसरा माणूस गेला. हिवाळा संपता संपता माझी फेरी झाली. काचेच्या खोलीत विमलबाईंच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती. विमलबाईंचं विचारलं तर शिपाई म्हणाला, "त्या न्हाईत आता. दिवाळीनंतर बंद केलं त्यास्नी." कुठं गेल्या? ते त्याला माहीत नव्हतं. मुलगी हुशार होती. तिनं मला चहा विचारला. मी एक ओळ दुरुस्त केली आणि निघालो.

बढती झाली. पुण्याच्या साहेबांनी त्या रिपोर्टचं नाव घेऊन सांगितलं की नेमकं आणि मोजकं कसं लिहावं ते याच्याकडून शिका.

त्यानंतर मी कितीतरी यंत्रांना कितीतरी शब्द शिकवले. पण एसटीत, लॉजवर, खाणावळीत माझ्या डोक्यात एक वाक्य घोळायचं. विमलबाई भेटल्या तर काय म्हणायचं, ते. मी ते वाक्य घासूनपुसून तयार केलं. त्यात सबब नव्हती, रडगाणं नव्हतं. मला ते आवडायलाही लागलं होतं.

सहा वर्षांनी कऱ्हाडजवळच्या मलकापुरात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर टंकलेखन आणि संगणक वर्गाची पाटी दिसली, आणि खाली संचालिका म्हणून त्यांचं नाव. जिना चढून गेलो. पाच टाइपरायटर, दोन संगणक, खुर्च्या ओळीनं. वर्ग रिकामा होता. विमलबाई टेबलाशी बसून काहीतरी तपासत होत्या. केस थोडे पिकले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"आवं साहेब! या, या. बसा. वाळलासा लय."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मामा गेले. वर्ग चार वर्षांपूर्वी काढला, आता बरा चालतो. राहायला मागंच दोन खोल्या आहेत. मग त्या स्वतःहून म्हणाल्या, "तुमी तवा लय सांभाळून घेतलंसा. दुसरा कोण आसता तर सगळं माझ्यावर ढकलून मोकळा झाला आसता. म्या आमच्या पोरींना सांगते, फ्लॉपीची पूजा केली तरी एक साहेब मला बोललं न्हाईत."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सहा वर्षं तयार केलेलं वाक्य तोंडाशी आलेलं होतं, आणि माणूस आपल्या चांगल्या वाक्याच्या फार आधीन असतो. मी ते बोललो. रिपोर्टात तुमचं नाव मी लिहिलं, तुमची नोकरी माझ्यामुळं गेली, त्याची क्षमा मागायला आलोय.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कसला रिपोर्ट?"

"एमडी साहेबांना दिलेला. लिफाफ्यात."

"त्यो लिफाफा?" त्या म्हणाल्या. "त्यो कुणी फोडलाच न्हाई, साहेब. माझ्या शेवटच्या दिवशी म्याच फायलीला लावला. गोंद तसाच हुता. माझ्या जाग्यावर एमडी साहेबांच्या मेव्हण्याची पोरगी घ्यायचं पितरातच ठरल्यालं. मला मागनं कळलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. पाच-सहा किका झाल्या. मग तोही थांबला.

"म्हंजे," विमलबाई सावकाश म्हणाल्या, "तुमी माझं नाव लिवलं हुतं व्हय त्यात?"

"हो."

त्यांनी समोरचे कागद गोळा केले, टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या आणि बाजूला ठेवले.

"चारची बॅच यील आता," त्या म्हणाल्या.

मी उठलो. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.